सायकलीचे विमानभाडे

इचलकरंजीतील एका कापड व्यापारी कुटुंबात, लग्नसराई ओसरल्यानंतरच्या एका रात्री, दिवसाचा गल्ला मोजून झाल्यावर घरातील धाकट्या मुलाने एक प्रस्ताव मांडला. मुलाचे वय चोवीस, शिक्षण बी.कॉम., दोन वर्षांपासून दुकानात बसणारा. मनालीहून लेहपर्यंत सायकलने जायचे आणि त्यासाठी स्वतःची सायकल पुण्याहून दिल्लीपर्यंत विमानाने न्यायची, असे त्याचे म्हणणे होते. जाण्याला घरात कोणी हरकत घेतली नाही. हरकत निघाली ती सायकलीच्या भाड्याला.

"माणसाने विमानाने जावे, हे समजते," वडील म्हणाले. "पण सायकलही विमानाने? मनालीत सायकली भाड्याने मिळत नाहीत का?"

प्रश्न व्यापाऱ्याचा होता आणि उत्तरही त्याच भाषेत द्यावे लागणार होते. वडिलांनी मुलाला चार दिवसांची मुदत दिली. भाड्याने घेणे, पार्सलने पाठवणे आणि सोबत विमानाने नेणे, या तिन्ही पर्यायांचा खर्च आणि जोखीम कागदावर मांडून आणावी, मग बोलू, असे ठरले. दिवाळीच्या मालाची सुरतेची खरेदी यंदा मुलाकडे सोपवावी की नाही, याचा विचार वडील त्याच सुमारास करीत होते. ते त्यांनी बोलून दाखवले नव्हते. पण आप्पांच्या, म्हणजे मुलाच्या आजोबांच्या, ते ध्यानात आले होते.

तीन पर्याय

भाड्याची सायकल वरवर पाहता स्वस्त वाटत होती. परंतु मनाली ते लेह हा रस्ता एकेरी प्रवासाचा आहे. सायकल लेहला सोडली की ती मनालीला परत पोहोचवण्याचा खर्च भाडेकरूच्या माथी येतो. शिवाय सुमारे पावणेपाचशे किलोमीटरचा हा रस्ता मनालीच्या दोन हजार मीटर उंचीवरून निघून तंगलंग ला या खिंडीत पाच हजार तीनशे मीटरच्या वर चढतो. आठ-दहा दिवस रोज सहा-सात तास ज्या सायकलीवर बसायचे, तिची मापे शरीराला जुळली नाहीत तर गुडघे आणि पाठ त्याची किंमत मोजतात. उतारावर ब्रेकची खात्री नसेल तर प्रश्न पैशांचा राहत नाही.

दुसरा पर्याय पार्सलचा. रेल्वेच्या ब्रेक व्हॅनमधून सायकल नेता येते आणि व्यापारी घराण्यांना ट्रान्सपोर्टची सवयही असते. मात्र माल कोणत्या दिवशी हातात पडेल याची हमी मिळत नव्हती. दिल्लीत दोन दिवस थांबावे लागले असते तर वाचवलेले भाडे तेथील मुक्कामातच खर्ची पडले असते.

राहिला विमानाचा पर्याय. तिकीट अर्थातच स्वस्त विमानसेवेचे होते आणि खरा अभ्यास तेथूनच सुरू झाला.

स्वस्त तिकिटात काय मिळत नाही

कमी भाड्याच्या विमानसेवेची कल्पना अमेरिकेत रुजली. टेक्सास राज्यात १९७१ मध्ये साउथवेस्ट या कंपनीने एकाच प्रकारची विमाने वापरून आणि विमान जमिनीवर कमीत कमी वेळ उभे ठेवून भाडे खाली आणले. युरोपात रायनएअर आणि इझीजेट यांनी तोच मार्ग धरला. भारतात २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने त्याची सुरुवात केली. या धंद्याचे सूत्र किराणा दुकानदारालाही चटकन कळेल असे आहे. मूळ वस्तू जवळजवळ खरेदीच्या भावात द्यायची आणि नफा सोबतच्या वस्तूंवर काढायचा. रायनएअरने २००६ मध्ये सामानाच्या बॅगेला वेगळे शुल्क लावले, तेव्हा प्रवासी चकित झाले होते. आज ती सर्वत्र रूढी झाली आहे. भारतातही २०२१ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, केवळ हातातील सामान घेऊन जाणाऱ्या प्रवाशाला कमी भाड्याचे तिकीट देण्याची मुभा कंपन्यांना दिली.

अशा व्यवस्थेत सायकल हा अडचणीचा नग ठरतो. विमान अर्ध्या तासात रिकामे होऊन पुन्हा भरायचे असते. सामानाच्या पट्ट्यावर न मावणारा, इतर बॅगांखाली ठेवता न येणारा, दोन माणसांनी उचलावा लागणारा मोठा खोका त्या घाईत वेळ खातो आणि जागाही अडवतो. म्हणूनच बहुतेक कंपन्या सायकलीला 'क्रीडासाहित्य' किंवा 'मोठ्या आकाराचे सामान' अशा वेगळ्या सदरात घालतात. काही कंपन्या तिच्यासाठी ठरावीक रक्कम घेतात, तर काही केवळ जादा वजनाचे पैसे आकारतात. हे दर वारंवार बदलतात. तिकीट काढण्यापूर्वी त्या दिवशीचे नियम वाचणे आणि सायकलीची आगाऊ नोंद करणे, हाच शहाणपणाचा मार्ग.

मुलाने तिकीट काढण्याआधी सायकल तोलली. ती तेरा किलो भरली. पुठ्ठ्याचा खोका आणि आतील वेष्टण साडेतीन किलो. कपडे, झोपण्याची पिशवी आणि हत्यारे मिळून सात किलो. एकूण साडेतेवीस किलो. देशांतर्गत प्रवासात सर्वसाधारणपणे पंधरा किलो सामान तिकिटातच नेता येते. म्हणजे साडेआठ किलो जादा. समजा विमानतळावर दर किलोला ६०० रुपये पडत असतील आणि अर्ध्या किलोचा पूर्ण किलो धरला जात असेल, तर केवळ जादा वजनापोटी ५,४०० रुपये द्यावे लागतील. तेच वजन आगाऊ विकत घेतल्यास बराच कमी खर्च येतो. हा फरक पाहून वडिलांचा चेहरा प्रथमच किंचित सैल झाला. आगाऊ खरेदीत सवलत, ही गोष्ट त्यांना समजावून सांगावी लागली नाही.

आकाराचाही एक नियम असतो. अनेक कंपन्या बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १५८ सेंटीमीटरपर्यंत मान्य करतात. सायकलीचा खोका १३५ गुणिले ७५ गुणिले २२ सेंटीमीटरचा धरला तरी बेरीज २३२ होते. घडीच्या काही सायकली, उदाहरणार्थ लंडनची प्रसिद्ध ब्रॉम्प्टन, या मर्यादेत बसतात. साधी सायकल बसत नाही. वजनाची कमाल मर्यादाही ध्यानात ठेवावी. एका नगाचे वजन ३२ किलोच्या वर गेल्यास जगभरातील बहुतेक विमानतळांवर तो स्वीकारला जात नाही, कारण तो उचलणाऱ्या हमालांच्या पाठीचा प्रश्न असतो. ज्या मार्गावर लहान विमाने उडतात, तेथे खोका सामानकक्षाच्या दारातून आत जाईल की नाही, हेही आधीच विचारावे.

खोक्यातील सायकल

नवी सायकल कारखान्यातून दुकानात येते ती पुठ्ठ्याच्या खोक्यातूनच. दुकानदाराला त्या खोक्याचा उपयोग नसतो. बहुधा तो रद्दीत जातो. ओळखीच्या सायकल दुकानातून मुलाने असा एक खोका आणला आणि अंगणात सायकल उघडायला घेतली. आप्पा खुर्ची टाकून शेजारी बसले.

आप्पांचा व्यापार सायकलीवरच सुरू झाला होता. मागच्या कॅरिअरला साड्यांचे गाठोडे बांधून ते आसपासच्या गावांचे आठवडी बाजार करीत. त्यामुळे नातवाने डाव्या पायडलला पाना लावून नेहमीच्या दिशेने जोर देताच आप्पा म्हणाले, "थांब. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरव, म्हणजे सुटेल."

पायडल मारताना डाव्या बाजूचा आस आपोआप सैल होऊ नये, म्हणून त्याचे आटे उलटे ठेवलेले असतात. सायकल आणि विमान यांचे नातेही यानिमित्ताने आठवण्यासारखे आहे. पहिले विमान उडवणाऱ्या राइट बंधूंचे अमेरिकेतील डेटन गावी सायकलीचे दुकान होते. १९०३ मध्ये त्यांनी जे विमान उडवले, त्याचे पंखे इंजिनाशी जोडलेले होते ते सायकलीसारख्या चेन आणि दंतचक्रांनी.

पायडलनंतर पुढचे चाक काढले. पुढच्या चिमट्याच्या दोन टोकांमध्ये प्लास्टिकचा आधार बसवला, म्हणजे खोक्यावर वजन पडले तरी चिमटा दाबला जात नाही. हा लहानसा आधार नव्या सायकलीसोबत येतो आणि दुकानदार तो आनंदाने देतो. डिस्क ब्रेकच्या फटीत पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला. सीटच्या दांड्यावर चिकटपट्टीने खूण करून ती खाली केली, म्हणजे परत जोडताना उंची चुकत नाही. हँडल सैल करून वळवले. मागचा गिअर बदलणारा डिरेलर सोडवून फडक्यात गुंडाळला आणि चौकटीच्या आतील बाजूस बांधला. खोका आपटल्यास सर्वांत आधी तोच वाकतो. तो ज्या लहान अॅल्युमिनियमच्या तुकड्यावर बसतो, त्याला हँगर म्हणतात. चौकट वाचावी म्हणून हा तुकडा मुद्दाम मऊ केलेला असतो. त्याची किंमत थोडी, परंतु प्रत्येक सायकलीला तो वेगळा लागतो आणि परक्या गावात मिळेलच असे नाही. मुलाने एक जादा हँगर विकत घेऊन पिशवीत टाकला.

खोका बंद करण्याआधी आतील मांडणीची छायाचित्रे काढली. सुरक्षा कर्मचाऱ्यांनी खोका उघडण्यास सांगितल्यास पुन्हा बंद करता यावा, म्हणून चिकटपट्टीचा एक जादा गुंडाळा जवळ ठेवला. ॲलन की, पाने यांसारखी हत्यारे खोक्यातच ठेवावीत. हातातील बॅगेत ती अडवली जातात. युरोपातील काही प्रवासी सायकलस्वार खोक्याऐवजी जाड पारदर्शक प्लास्टिकची पिशवी वापरतात. आत सायकल आहे हे हमालाला दिसले की तो ती उभी धरतो आणि तिच्यावर बॅगा रचत नाही, असा त्यांचा अनुभव आहे. भारतातील प्रवासात मात्र पुठ्ठ्याचा खोका अधिक सोयीचा ठरतो.

हवा आणि बॅटरी

टायरमधील हवा कमी करण्याची सूचना जवळजवळ प्रत्येक कंपनी देते. वर गेल्यावर टायर फुटेल, ही त्यामागील भीती. प्रत्यक्षात प्रवासी विमानाच्या सामानकक्षातही प्रवासी कक्षाप्रमाणेच हवेचा दाब राखलेला असतो. तो फार तर आठ हजार फूट उंचीवरील दाबाइतका उतरतो. समुद्रसपाटीवर हवेचा दाब चौरस इंचाला सुमारे १४.७ पौंड असतो, तेथे तो ११ पौंडांच्या आसपास येतो. फरक चार पौंडांहूनही कमी. ऐंशी-शंभर पौंड दाब सहज पेलणाऱ्या टायरला त्याची काय मातब्बरी! तरीही नियम पाळणे इष्ट, कारण काउंटरवर वाद घालून विमान थांबत नाही. मात्र हवा पूर्ण काढू नये. थोडी ठेवली तर आपटल्यावर रिम वाचते.

बॅटरीवर चालणाऱ्या सायकलीचे तसे नाही. लिथियम बॅटरी पेटल्यास आकाशात ती विझवणे अतिशय अवघड असते, म्हणून तिच्यावरील मर्यादा कडक आहेत. १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी सर्वसाधारणपणे चालते, १६० पर्यंतच्या बॅटरीस कंपनीची परवानगी लागते, त्यापुढील बॅटरी प्रवाशाला नेता येत नाही. ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तासांची साधी सायकल बॅटरीही ३६० वॉट-तासांची होते. तेव्हा अशी सायकल बॅटरीसह प्रवासी विमानातून नेण्याचा बेत आखूच नये. दिव्याच्या सुट्या लहान बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातील बॅगेतच ठेवाव्या लागतात.

सहीपूर्वी वाचावयाचा कागद

पुणे विमानतळावर मुलगा नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचला. खोक्याचे वजन झाले, आगाऊ भरलेल्या पैशांची पावती दाखवली आणि मोठ्या सामानाच्या वेगळ्या खिडकीकडे खोका न्यावा लागला. तत्पूर्वी कर्मचाऱ्याने एक लहानसा कागद सहीसाठी पुढे केला. वस्तू नाजूक असून नुकसानीची जबाबदारी कंपनीवर मर्यादित राहील, असा त्याचा आशय होता. मागे रांग असताना असे कागद बहुधा न वाचताच सही केले जातात. त्याने तो वाचला, छायाचित्र काढले आणि मग सही केली.

या कागदामागील कायदा प्रत्येक प्रवाशाने जाणून घ्यावा असा आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो आणि २००९ पासून भारतही त्यात सहभागी आहे. या करारानुसार सामानाच्या नुकसानीपोटी कंपनीची जबाबदारी प्रत्येक प्रवाशामागे एका मर्यादेपर्यंतच असते. ही मर्यादा डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक असून डॉलर, युरो, युआन, येन आणि पौंड या पाच चलनांवरून त्याचे मूल्य ठरते. ढोबळमानाने ही रक्कम दोन हजार डॉलरच्या आसपास जाते. सायकल त्याहून महाग असेल, तर सामान देतानाच तिचे मूल्य जाहीर करून जादा शुल्क भरण्याची सोय करारात आहे. नुकसान झाल्यास लेखी तक्रार सात दिवसांच्या आत आणि सामान उशिरा मिळाल्यास ते मिळाल्यापासून एकवीस दिवसांच्या आत करावी लागते. देशांतर्गत प्रवासातही अशी मर्यादा असते आणि ती महागड्या सायकलीच्या किमतीच्या मानाने तोकडी पडते. म्हणून मौल्यवान सायकलीचा स्वतंत्र विमा घ्यावा. मात्र विमानातील हाताळणीचे नुकसान त्यात समाविष्ट आहे की वगळले आहे, हे कलम आधी पाहावे.

दिल्लीला खोका बाहेर आला तेव्हा त्याचा एक कोपरा चेपला होता. मुलाने तेथेच खोका उघडला. डिरेलर शाबूत होता, परंतु हँगर वाकलेला दिसला. विमानतळ सोडण्यापूर्वी त्याने कंपनीच्या खिडकीवर रीतसर नोंद केली आणि तिची प्रत घेतली. भरपाई मिळाली नाही. सही केलेला कागद आडवा आला. मनालीला पोहोचल्यावर जवळचा जादा हँगर बसवून काम वीस मिनिटांत झाले. त्या रात्री घरी फोनवर त्याने नुकसानीचा आकडा आधी सांगितला आणि प्रवास सुखरूप झाल्याचे नंतर. आई रागावली, वडील हसले.

परतीची वाट

नवव्या दिवशी तो लेहला पोहोचला. तेथील सायकल दुकानातून पुन्हा एक खोका मिळाला. परतीच्या प्रवासात मात्र वेगळीच अडचण आली. लेहचा विमानतळ सुमारे सव्वातीन हजार मीटर उंचीवर आहे. तेथील हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांश इतकाच असतो. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनांची ताकद घटते आणि ऊन वाढले की हवा आणखी विरळ होते. म्हणून तेथील बहुतेक उड्डाणे सकाळीच आटोपतात आणि विमानात किती वजन घ्यायचे याला बंधन पडते. वजन जास्त झाले तर प्रवासी जातात आणि काही सामान मागे राहते. अशा वेळी पहिली पाळी मोठ्या खोक्यांची येते.

तसेच झाले. मुलगा दिल्लीला उतरला, सायकल लेहलाच राहिली. त्याने बॅगेची चिठ्ठी दाखवून नोंद केली. घाई केली नाही, आवाज चढवला नाही. दिल्ली ते पुणे हे तिकीट त्याने मुद्दाम दुसऱ्या दिवसाचे काढले होते, कारण उन्हाळ्यात लेहहून असे घडते हे त्याने आधीच वाचले होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने खोका आला आणि दुपारी दोघे, सायकल आणि सायकलस्वार, एकाच विमानाने पुण्याला परतले.

घरी आल्यावर त्याने खर्चाचा कागद वडिलांपुढे ठेवला. सायकलीचे जाता-येतानाचे जादा भाडे, हँगर, चिकटपट्टी, दिल्लीतील एका रात्रीचा मुक्काम, सगळे त्यात होते. मनालीत भाड्याची सायकल घेऊन ती लेहहून परत पाठवण्याच्या खर्चापेक्षा एकूण रक्कम थोडी अधिकच भरली. त्याने ती लपवली नाही. कागदाच्या तळाशी 'अंदाजापेक्षा जादा' असे लिहून फरक स्वच्छ मांडला होता.

वडिलांनी कागद दोनदा वाचला आणि आप्पांकडे पाहिले. "हा खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा, आप्पा?"

"शिक्षणाच्या," आप्पा म्हणाले.

वडिलांनी तसे लिहिले. मग चष्मा काढून ठेवीत ते मुलाला म्हणाले, "पुढच्या आठवड्यात सुरतेला तू जा. परतीचे तिकीट एक दिवस उशिराचे काढ."